जिन्नस

कागद जुना करायचा तर कोरा चहा लागतो. दूध-साखरेचा चालत नाही, त्याला मुंग्या लागतात आणि आठवड्याभरात कुबट वास मारतो. दोन चमचे पावडर पातेलंभर पाण्यात खळखळून उकळायची, गाळायची, कोमट होऊ द्यायची. परातीत कागद पसरून वरून ते पाणी ओतायचं, मिनिटभर परात हलवत राहायची आणि कागद अलगद उचलून मच्छरदाणीच्या जुन्या जाळीवर आडवा वाळत घालायचा. दोरीवर टाकला की मधोमध वळ उठतो. दर शनिवारी संध्याकाळी दहिसर पूर्वेच्या आमच्या घरात ही परात निघते आणि आई स्वयंपाकघरातून विचारते, "आज कोणाचा राजवाडा?"

भाच्याला कागदाच्या कडा जाळलेल्या हव्या असतात. सिनेमातल्या खजिन्याच्या नकाशासारखी काळी-पिवळी किनार. मी जाळू देत नाही. छापखान्यात २८ वर्षं गेली माझी, त्यातली शेवटची पंधरा कटिंग मशीनवर. कागद कसा म्हातारा होतो ते मला कुणी शिकवायला नको. तो घडीवर झिजतो आणि जिथे अंगठा लागतो त्या कोपऱ्यावर मळतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागद रुमालात बांधून ठेवलेत. रुमालातल्या कागदाला आग लागलेली नसते, त्याला माणसांचे हात लागलेले असतात. म्हणून आमच्या नकाशाला आधी घड्या पडतात. मग घडीच्या रेघेवरून मी बारीक पॉलिश पेपर फिरवतो, इतका की दोन घड्या एकमेकींना छेदतात तिथे भोक पडतं. त्या भोकात नेमकं एखादं गाव गेलेलं असावं अशा बेतानेच मी घडी घालतो. नकाशा हातात आल्यावर मुलं पहिल्यांदा त्या भोकावरच बोट ठेवतात. अख्ख्या नकाशात मला जमलेलं काम बहुधा तेवढंच असतं.

हा खटाटोप एका खेळासाठी. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला, त्याच्या पाचव्या आवृत्तीवर आमच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी पाच डोकी वाकलेली असतात. एक सूत्रधार, त्याला डीएम म्हणायचं, तो भाचा. बाकीचे चौघं एकेक पात्र घेऊन बसलेले. डीएम सांगतो, "समोर लोखंडी दार आहे." कुणी म्हणतं, "मी लाथ मारून उघडते." उघडेल का, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. जिंकणं-हरणं नाही, शेवट नाही. महिनोन् महिने गोष्ट चालू. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, "पट कुठाय? सोंगट्या?" तर भाचा म्हणाला, "मामा, त्या डोक्यात असतात." मला ते एक कीर्तनच वाटलं. फक्त या कीर्तनात श्रोत्याला उठून बुवांना म्हणता येतं की थांबा, भीम मी आहे आणि मला आज जेवायचं नाही.

तयार पुस्तकं मिळतात, पण महाग पडतात आणि त्यांत सगळे बर्फाळ डोंगर नि दारूचे पीपे. म्हणून मुलं आपापलं घरी बनवतात: नकाशे, गावं, शस्त्रं, शापित अंगठ्या, श्वापदं. त्यांचा शब्द होमब्रू. मी जिन्नस म्हणतो. वाण्याच्या यादीतला शब्द आहे, पण वस्तूला लागणारा सगळा मालमसाला त्यात येतो. कायद्याचाही अडसर नाही. जानेवारी २०२३ मध्ये खेळाच्या मालक कंपनीने परवान्याच्या अटी आवळायला घेतल्या, जगभरचे खेळाडू खवळले आणि महिना संपायच्या आत नियमांचा गाभा, चारेकशे पानांचा मजकूर, क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला करून मोकळी झाली. आता त्या नियमांवर कुणीही आपले जिन्नस बेतावेत, हवं तर विकावेत. छापखान्यातल्या माणसाला असल्या गोष्टींचं फार कौतुक असतं.

पण खेळ सुरू झाला तेव्हा तो काढणाऱ्यांनी तरी वेगळं काय केलं होतं? गायगॅक्सने बाजारातून प्लास्टिकच्या प्राण्यांचं एक स्वस्तातलं पाकीट आणलं होतं, हाँगकाँगचा माल. धड डायनासोर नव्हेत, धड किडे नव्हेत, अशी ती चित्रविचित्र ध्यानं त्याने टेबलावर ठेवली आणि एकेकाला स्वभाव दिला. त्यातलंच एक लोखंड खाणारं जनावर झालं. तलवार लागली की तलवारीचाच गंज होतो. आजही पाचव्या आवृत्तीत ते ठाण मांडून आहे.

हे ऐकलं आणि मला आमचा किल्ला आठवला.

१९७८च्या आसपासची गोष्ट असेल. दहिसर नदी तेव्हा नदी होती. राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावाच्या अंगाला ती उगम पावते आणि जेमतेम १२ किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. तिच्यात आम्ही डुंबायचो, बायका धुणी आणायच्या, सिनेमावाले शूटिंगला यायचे. दिवाळीच्या किल्ल्याची माती तिथलीच. आधी विटा-दगडांचा ढीग, त्यावर भिजवलेलं गोणपाट, वरून चिखलाचा लेप. अळीव पेरले की चार दिवसांत डोंगर हिरवागार. तळ्यासाठी फुटक्या आरशाचा तुकडा, बुरुजाला डालड्याचा डबा. आणि वर मातीची चित्रं. त्यांच्या मापाला काही ताळतंत्रच नसे. वाघ मावळ्याच्या गुडघ्याएवढा, गवळण तोफेपेक्षा मोठी, भाजीवाली थेट बालेकिल्ल्यात. कुणाला त्यात खटकलं नाही.

गेल्या दिवाळीत हेच मावळे मी खेळात आणू पाहिले. विकतच्या बाहुल्या २८ मिलिमीटरच्या असतात, मुलं त्यांना मिनी म्हणतात, आणि कापडी पटावरचा एक इंची चौकोन म्हणजे पाच फूट. माझा मावळा तीन इंची. भाच्याने तो पटावर ठेवला, डोळे बारीक केले आणि जाहीर केलं, "मामा, हा पंधरा फुटी राक्षस आहे." मग मावळे डोंगरी राक्षस म्हणूनच लढले, आणि बरे लढले. सिंहासनावरचे महाराज मात्र कपाटावरच राहिले. फाशाच्या दानावर महाराजांना सोडायला त्या पाचांतलं कुणीही तयार नव्हतं, मीही नाही.

किल्ल्याचं शेवटी काय व्हायचं, ते सांगायचं राहिलं. तुळशीच्या लग्नाआधी एका संध्याकाळी थोरली पोरं दरवाजाखाली सुतळी बॉम्ब लावायची. पहिल्या वर्षी मी रडून गोंधळ घातला होता. आठ दिवस खपून बांधलेलं, एका बारात सपाट. दुसऱ्या वर्षी किल्ला बांधतानाच मी दरवाजाखाली बॉम्ब मावेल एवढी पोकळी सोडली.

आता भुतांकडे येतो. मुलांच्या पुस्तकात राक्षस आहे. १९७७च्या पहिल्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्येही होता: वाघाचं तोंड, अंगात उंची झगा, तोंडात चिलीम, आणि मंतरलेला बाण लागला की खलास. गायगॅक्सला तो रामायणात भेटला नव्हता, अमेरिकेतल्या एका टीव्ही मालिकेत भेटला होता. मला राग नाही आला. रावणाला चिलीम शोभली असती. पण आपल्याकडच्या मंडळींना अजून कुणी हाक मारलेली नाही, हे खटकलं. बंगालने मारली. २०२२ मध्ये कंपनीच्याच एका पुस्तकात कोलकात्याच्या मिमी मंडल यांनी शंखभूमी नावाचा मुलूख रचला, नद्या-खाड्यांचा, आपल्या मातीचा.

आपली यादी तर तयार पडली आहे. नाशिकला १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी ज्याला गोळी घातली तो कलेक्टर जॅक्सन लोकसमजुती गोळा करायचा. गावोगावच्या शाळामास्तरांना त्याने प्रश्नावली धाडली होती. तुमच्याकडे भुतं कोणकोणती, ती कशी दिसतात, काय मागतात, कशाला भितात? त्याच्या मागे ती उत्तरं एन्थोवेन नावाच्या अधिकाऱ्याने लावली आणि कोकणचा भाग १९१५ मध्ये छापून निघाला. म्हणजे गायगॅक्सच्या साठ वर्षं आधी आमचं 'मॉन्स्टर मॅन्युअल' कोकणातल्या मास्तरांनी लिहून ठेवलेलं. खवीस, झोटिंग, जखीण, देवचार, गिऱ्हा. सूत्रधाराला लागतं ते सारं त्यांच्यात आहे, कारण आपल्याकडे नुसतं भयानक भूत नसतंच. प्रत्येकाला नियम असतो. मुंजा होतो तो मुंज झालेला पण लग्न न झालेला मुलगा, आणि राहतो पिंपळावर. वडावर नाही. चकवा लागला की धावायचं नाही, बसून राहायचं. फटफटलं की वाट दिसते. गिऱ्ह्याचा केस कापून लपवला तर तो चाकर होतो, पण त्याला काम देत राहावं लागतं आणि केस सापडला की संपलं. आमची आजी हे असं सांगायची की ऐकता ऐकता आम्ही पळवाटा शोधायला लागायचो. केस दुसऱ्याच्या घरी ठेवला तर? आजी क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "मग तो दुसऱ्याचा चाकर." हाच निवाडा भाचा दर रविवारी करतो, फक्त हातात पुस्तक असतं.

तर मी कार्डं बनवायला घेतली. पत्त्याचं माप, ६३ बाय ८८ मिलिमीटर, ३०० जीएसएमचा आर्ट कार्ड, पाठपोट छपाई, मॅट लॅमिनेशन, कोपरे गोल. ओळखीच्या प्रेसमध्ये मोठ्या कामाच्या शीटवर कडेला जागा उरते, तिथे माझी चार कार्डं बसतात; कागद फुकट, चहा माझा. सावंतवाडीचे गंजिफावाले कापडाच्या थरांना चिंचोक्याची खळ लावून, घोटून, रंगवून, लाखेचा हात देऊन एकेक गोल पत्ता घडवतात, त्यांच्यापुढे हे काम म्हणजे पोरखेळ. दशावतारी गंजिफात १० अवतार, प्रत्येकाचे १२, असे १२० पत्ते. आणि नियम बघा: दिवसा खेळ रामाच्या रंगाने उघडतो, रात्री कृष्णाच्या. बाहेर अंधार पडला की हातातल्या पानांचं वजन फिरतं. हा नियम मी भाच्याला सांगितला, त्याने तोंडातला वडापाव तसाच ठेवून तो वहीत उतरवून घेतला.

जागांसाठीही लांब जावं लागलं नाही. मंडपेश्वराची लेणी रिक्षाने जवळ. आत शिवाचं तांडव. सोळाव्या शतकात पोर्तुगीज पाद्र्यांनी तिथेच मठ मांडला, वर चर्च उठवलं, त्याचे अवशेष आजही लेण्यांच्या डोक्यावर उभे, आणि खाली एका भिंतीवर कोरलेला भलामोठा क्रूस. एवढं आयतं भुयार कोण रचणार? त्याच्या पुढे एक्सर, तिथले वीरगळ. शिळेवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई आहे. बरेच अभ्यासक ती यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यातल्या तेराव्या शतकातल्या युद्धाशी जोडतात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाला झुंज, मधे अप्सरा वीराला उचलून नेतात, वरती तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला.

ते पाहून आल्यावर मी एक जिन्नस केला, जो कुठल्या पुस्तकात नाही. खेळात पात्र मेलं की पोरं रुसतात. दोन वर्षं वाढवलेला योद्धा एका वाईट दानाने जातो, कॅरेक्टर शीट चुरगळून कोपऱ्यात जाते. आता पात्र मेलं की मी त्याचा वीरगळ काढतो, उभ्या कार्डावर, तीन कप्पे. तळाला तो कसा मेला ते. हे चुकवायचं नाही. एकजण विहिरीत पाय घसरून मेला होता. त्याची विहीर काढली, घसरलेली चप्पलही. त्याने ते कार्ड मोबाइलच्या कव्हरमध्ये घातलंय.

मजकूर लिहिणं मात्र चित्रापेक्षा जड जातं. खेळाचा कायदा असा, की माणसाला एका वेळी तीनच जादुई वस्तू अंगी बाणवता येतात. म्हणजे वस्तू नुसती जोरदार असून भागत नाही, ती घ्यावी की ठेवावी असा जीव टांगणीला लागला पाहिजे. सुरुवातीला मी सगळंच लिहायचो. किती वेळा, किती अंतरावर, पाऊस असला तर काय. आयुष्यभर प्रुफातला काना-मात्रा पकडलेला माणूस. अर्थाला फट ठेवायची म्हणजे अंगावर काटा. मुलं ती कार्डं वाचायची आणि खिशात ठेवून विसरायची. त्यांना करायला मी काही ठेवलंच नव्हतं.

साती आसरांचं कार्ड केलं त्या दिवशी आई मटार सोलत समोर बसली होती. चौकटीत एका जागी आकडा हवा होता. तिने विचारलं, "हे काय?"

"एचपी. किती मार सोसेल तो आकडा."

"आसरांना मारणार आहात?"

मी तो रकाना खोडला. पाण्यातल्या बायका त्या, देवता. आईच्या माहेरी पहिली वेल फळली की त्यांचा वाटा डोहाकाठी ठेवत. मग कार्डावर एवढंच ठेवलं: आसरांची ओटी. खण, नारळ, मूठभर तांदूळ. डोहाकाठी ठेवली तर एकदा वाट मिळते. वाटेने जाताना मागे वळून पाहू नये. बस. चार ओळी. मनात होतं की पुढच्या रविवारी मुलं नदीपाशी येतील, ओटी ठेवतील, पार होतील.

मुलं नदी पोहून गेली. फासा चांगला पडला.

कार्ड राहिलं एका मुलीकडे. तिचं पात्र कुऱ्हाडवालं, बोलणं कमी, दारं लाथेने उघडणारं. तीन रविवार तिने कार्डाला हात लावला नाही. चौथ्या रविवारी ते सगळे शत्रूच्या तुरुंगात अडकले, एकाचा पाय मोडलेला, बाहेर पहारा. घोड्यांना पाणी पाजायचा दगडी हौद तेवढा अंगणात. ती माझ्याकडे वळली. "मामा, डोह म्हणजे केवढं पाणी?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. व्याख्या दिलेली नव्हती.

टेबलावर एकदम कल्ला झाला. एकजण म्हणाला, आसरा वाहत्या पाण्यात असतात. दुसरा म्हणाला, विहिरीत असतातच की, विहीर कुठे वाहते? तिसऱ्याने आमचीच नदी काढली: २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, त्या पुरानंतर दोन्ही काठांना भिंती घातल्या, आता डोह कुठला उरलाय, बिचाऱ्या हौदातच येणार. भाच्याने हात वर केला. "पंधराच्या वर पडलं तर येतील." वीस बाजूंचा फासा टेबलावरून घरंगळत माझ्या चष्म्याच्या डबीला अडला. असलाच वीस बाजूंचा, ग्रीक अक्षरं कोरलेला फासा इजिप्तमध्ये टॉलेमींच्या काळात होता, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ठेवलेला आहे. तेव्हाही तो असाच कशाला तरी अडत असणार. सतरा.

हौदाच्या पाण्यात पायऱ्या उमटल्या. चौघं उतरू लागले. मोडक्या पायाचा सगळ्यांत मागे. अर्ध्या वाटेत भाचा हळूच म्हणाला, "मागून हाक येते. त्याचा आवाज आहे. म्हणतो, माझा पाय अडकला."

तिने फार विचार केला नाही. "मी मागे बघते."

हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा. भाच्याने कार्ड उचललं, वाचलं, उलटून पाहिलं. पाठीमागे लाटांची नक्षी. "मामा, पाहू नये असं लिहिलंय. पाहिलं तर काय होतं?"

"ते नाही लिहिलं," मी म्हणालो.

"तिच्यासोबत जावं लागतं," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. हात पदराला पुसत ती दारात आली. तिला वाटत होतं आम्ही सगळे उगाच वेळ काढतोय. "मागे बघणारीला त्या ठेवून घेतात."

"मग आजी, आठ झाल्या?"

"आठ कशा होतील? सातच असतात." आई थोडी थांबली, तिची आई थांबायची तश्शी. "त्यांच्यातली एक सुटते."

हे तिने कुठे ऐकलं होतं की दारात उभ्या उभ्या रचलं, मी विचारलं नाही. भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. कारण आता कुणीतरी सुटली होती, शेकडो वर्षं पाण्यात राहिलेली, आणि ती तुरुंगाच्या अंगणात हौदातून बाहेर येऊन ओल्या लुगड्याने उभी होती, आणि ती कोण हे त्याला पुढच्या रविवारपर्यंत शोधायचं होतं. मुलं जिन्यातही त्यावरच भांडत उतरली.

रात्री मी उभं कार्ड काढलं, तीन कप्पे आखले. तळाला हौद काढायला घेतला तर आई म्हणाली, "वीरगळ कशाला करतोस? ती मेली कुठे?" खरंच की. कार्ड बाजूला ठेवलं आणि आसरांचं जुनं चित्र काढलं. सात जणी, एकसारख्या, हिरव्या चुड्याच्या. सातवीचा चेहरा ब्लेडच्या टोकाने अलगद खरवडला. मॅट लॅमिनेशन निघताना कागदाचा पापुद्राही थोडा घेऊन गेलं.

तेवढ्यात त्या मुलीचा निरोप आला. मामा, सातवीच्या हातात माझी कुऱ्हाड दाखवाल ना?